लॅटिन शिलालेखातलं केल्टिक नाव कसं ओळखायचं?

इंग्लंडमधल्या बाथ इथं गरम पाण्याचे झरे आहेत. रोमन काळात तिथं सूलिस नावाच्या देवीचं मोठं देऊळ होतं. तिचा नवस फेडताना एका पाथरवटानं दगडावर कोरलंय: 'प्रिस्कुस तौती एफ, लापिदारिउस, कीवेस कार्नुतेनुस, सूली देए, व्ही एस एल एम'. म्हणजे, तौतिउसचा (किंवा तौतुसचा) मुलगा प्रिस्कुस, धंद्यानं पाथरवट, कार्नुतेस जमातीचा. सूलिस देवीचा नवस राजीखुशीनं, देवीचा मान राखून फेडला. कार्नुतेस हे आजच्या फ्रान्समधल्या शार्त्रच्या आसपासचे लोक. मुलाचं नाव अस्सल लॅटिन आहे. बापाचं मात्र गॉलिश, म्हणजे गॉलच्या (साधारण आजच्या फ्रान्सच्या) जुन्या केल्टिक भाषेतलं: 'तौता' म्हणजे जमात, लोक, त्यावरून आलेलं.

एका ओळीत दोन पिढ्या आणि दोन भाषा. असे लेख ब्रिटनपासून हंगेरीपर्यंत आणि स्पेनपासून उत्तर इटलीपर्यंत हजारोंनी सापडतात. गॉलिश, ब्रिटनमधली ब्रिटॉनिक, स्पेनमधली केल्टिबेरियन या जुन्या केल्टिक भाषांमध्ये सलग मजकूर फार थोडा उरला आहे. त्या भाषांचा सगळ्यांत मोठा साठा सापडतो तो लॅटिन लेखांमधल्या माणसांच्या नावांत. तो वाचायचा कसा, हे या लेखात पायरीपायरीनं सांगतो. लॅटिन येत नसेल तरी चालेल. शाळेत संस्कृतच्या विभक्त्या घोकल्या असतील तर अर्धं काम झालेलंच आहे.

उच्चारांबद्दल आधीच सांगून टाकतो. इथं नावं जुन्या लॅटिन उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, म्हणजे 'सी' हे अक्षर नेहमी 'क'. दगडावर 'यू' आणि 'व्ही' यांना एकच खूण असते, 'आय' आणि 'जे' यांनाही एकच. शोध घेताना हे विसरलात तर निम्मी नावं हाती लागणार नाहीत.

पायरी १: एक प्रदेश धरा

सगळं साम्राज्य एकदम धुंडाळायला जाऊ नका. नवख्यानं ब्रिटनपासून सुरुवात करावी असं मी सुचवीन. ब्रिटनमधल्या दगडी लेखांचा कॉलिंगवूड आणि राइट यांनी केलेला संग्रह १९६५ साली छापून आला. तो आता आंतरजालावर फुकट वाचता येतो, चित्रं आणि इंग्रजी भाषांतरासकट. या संग्रहात प्रत्येक लेखाला क्रमांक आहे. प्रिस्कुसचा दगड १४९.

युरोपच्या मुख्य भूमीवर यायचं तर 'कोर्पुस इन्स्क्रिप्तिओनुम लातिनारुम' हा बर्लिनहून निघणारा महासंग्रह आहे. थिओडोर मोमसेनच्या देखरेखीखाली १८५३ मध्ये हे काम सुरू झालं आणि अजून चालू आहे. आपल्या कामाचे खंड असे: दुसरा स्पेन-पोर्तुगालचा, तिसऱ्यात डॅन्यूब नदीकाठचे प्रांत, पाचवा उत्तर इटलीचा, बारावा दक्षिण फ्रान्सचा, तेरावा उरलेल्या फ्रान्सचा आणि ऱ्हाइनकाठचा. हे जाडजूड खंड विकत घ्यायची गरज नाही. क्लाउस-स्लाबी आणि हायडेलबर्ग या दोन डेटाबेसांमध्ये मजकूर शोधता येतो. पहिल्यात पाच लाखांहून जास्त लेख आहेत. शोधताना पूर्ण नाव टाकू नका, मुळाचा तुकडा टाका. 'किंतुग्नातुस' असं शोधलंत तर 'किंतुग्नाती' हे षष्ठीतलं रूप निसटेल. नुसतं 'किंतु' टाका आणि प्रांत निवडा.

पायरी २: ठरावीक अक्षरं बाजूला काढा

रोमन लेखांमध्ये काटकसर फार. थडग्याच्या माथ्यावर 'डी एम' असतं, म्हणजे पितरांना अर्पण. 'एच एस ई' म्हणजे इथे पुरला आहे. 'व्ही एस एल एम' म्हणजे नवस फेडला, हे वर आलंच. 'ए एन' किंवा 'ए एन एन' च्या पुढचा आकडा वयाचा, 'स्टिप' च्या पुढचा सैन्यातल्या नोकरीच्या वर्षांचा. 'एफ' म्हणजे मुलगा किंवा मुलगी, 'लिब' म्हणजे मुक्त केलेला गुलाम. कधीकधी 'एफ' चा अर्थ 'फेकित', म्हणजे 'केलं' असाही होतो. भांड्यावर एका नावापुढे एकटा 'एफ' दिसला तर तो कारागिराचा शिक्का समजावा.

छापील पाठात गोल कंसातली अक्षरं संपादकानं संक्षेप फोडून लिहिलेली असतात आणि चौकोनी कंसातली दगडावरून झिजून गेलेली, अंदाजानं भरलेली. नावाचा जो भाग चौकोनी कंसात आहे त्यावर कसलीही व्युत्पत्ती उभी करू नका. हा नियम पाळणारे लोक फार कमी आहेत, म्हणून ठासून सांगतो.

पायरी ३: विभक्ती सोडवा

बापाचं नाव षष्ठीत असतं. 'सुलिनुस ब्रुकेती एफ' म्हणजे ब्रुकेतुसचा मुलगा सुलिनुस. हाही बाथचाच, मूर्तिकार. त्याचं स्वतःचं नाव सूलिस देवीवरून ठेवलेलं दिसतं. त्याच गावात शिशाच्या पत्र्यावर लिहिलेला एक शाप सापडलाय. आपला अंगरखा चोरणाऱ्याला देवीनं सोडू नये म्हणून तो लिहिणारा दोकिलिआनुस, बापाचं नाव ब्रुकेरुस. तिथंही मुलाचं नाव लॅटिन घडणीचं आणि बापाचं केल्टिक.

षष्ठीतून प्रथमा काढताना एक अडचण येते. 'तौती' हे 'तौतुस' चंही षष्ठीरूप असू शकतं आणि 'तौतिउस' चंही. दगड काही सांगत नाही. वहीत दोन्ही शक्यता लिहून ठेवा. 'ओनिस' नं संपणाऱ्या षष्ठीची प्रथमा 'ओ' नं संपते, आणि 'रीगिस' असेल तर प्रथमा 'रिक्स'.

दुसरी एक खोच 'नेपोस' या शब्दाची आहे. त्याचा अर्थ नातू, आणि उशिराच्या लॅटिनमध्ये भाचा-पुतण्याही. याचं उदाहरण शेवटी येईलच.

पायरी ४: नावांची माळ वाचा

सगळ्यांत जास्त वेळ याच पायरीला द्या.

रोमन नागरिकाचं नाव तीन पदरी असतं: गायुस युलिउस रुफुस. यातलं मधलं कुळाचं. साम्राज्यातला जो माणूस नागरिक नाही, त्याचं नाव एकेरी आणि पुढे बापाचं नाव. मराठी माणसाला ही 'स्वतःचं नाव, बापाचं नाव' पद्धत समजावून सांगायला नको. परक्या माणसाला नागरिकत्व मिळालं की तो ज्याच्या कृपेनं मिळालं त्याचं पहिलं नाव आणि कुळनाव घेतो, आणि आपलं जुनं नाव शेपटाला ठेवतो. गॉलमध्ये गायुस युलिउस नावाचे लोक पैशाला पासरी दिसतात ते म्हणूनच: सीझर आणि ऑगस्टस यांच्या काळात नागरिक झालेल्या घराण्यांचे वंशज.

पश्चिम फ्रान्समधल्या सेंत या गावी शारांत नदीकाठी एक दुहेरी कमान उभी आहे. इसवी सन १८-१९ च्या सुमाराला सम्राट तिबेरिउस, त्याचा मुलगा द्रुसुस आणि पुतण्या गेर्मानिकुस यांच्या सन्मानार्थ ती उभारली. पूर्वी ती रोमन पुलाच्या तोंडाशी होती. १८४३ मध्ये पूल पाडायची वेळ आली तेव्हा फ्रेंच लेखक प्रॉस्पेर मेरिमेच्या खटपटीमुळे ती वाचली आणि काठावर हलवली गेली. कमानीचा खर्च केला गायुस युलिउस रुफुस यानं. ल्योंच्या अँफिथिएटरचा दातासुद्धा हाच. एवढा मोठा गृहस्थ स्वतःची ओळख करून देताना तीन पिढ्या मागे जातो. संग्रहातल्या जुन्या वाचनाप्रमाणे: गायुस युलिउस ओतुआनेउनुसचा मुलगा, गायुस युलिउस गेदोमोचा नातू, एपोत्सोरोविदुसचा पणतू.

आता ही माळ खालून वर वाचा. पणजोबाचं नाव एकेरी, पूर्ण गॉलिश. रोमन नागरिकत्व नाही. आजोबा नागरिक झाला, पण शेवटचं नाव गॉलिशच ठेवलं. बापाचंही तसंच. चौथ्या पिढीत शेवटचं नावही लॅटिन झालं: रुफुस, तांबड्या केसांचा. हे घराणं रोमन व्हायला तीन पिढ्या घेतं आणि तरी मोक्याच्या जागी, हजारो लोक पाहतील अशा कमानीवर, पणजोबाचं अवघड नाव कोरून घेतं. लाज वाटली असती तर 'गायुसचा मुलगा' एवढ्यावर भागलं असतं.

याच लेखात दुसराही धडा आहे. नव्या अभ्यासकांनी दगड पुन्हा तपासला तेव्हा वाचन बदललं: बापाचं नाव कातुआनेउनुस, आजोबांचं आगेदोमोपास, पणजोबांचं एपोत्सोविरिदुस. 'ओतु' आणि 'कातु' यांत फरक एक-दोन झिजलेल्या अक्षरांचा, पण 'कातु' म्हणजे गॉलिशमध्ये लढाई, आणि तो घटक शेकडो नावांत येतो. तेव्हा वाचन कोणाचं आणि कधीचं, हे नोंदीत लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. फोटो मिळाला तर उत्तम.

पायरी ५: नाव फोडा

शेवटचा लॅटिन प्रत्यय काढा, 'उस' किंवा 'आ', आणि उरलेल्याचे तुकडे पडतात का बघा. केल्टिक नावांचा एक मोठा वर्ग जोडनावांचा आहे, आपल्याकडच्या देवदत्त, जयसिंह यांच्यासारखा. वारंवार भेटणारे घटक एकदा डोक्यात बसले की लेख वाचताना ते आपोआप उठून दिसतात.

शेवटी येणारे: 'रिक्स' राजा, 'मारुस' थोर, 'ग्नातुस' आणि 'गेनुस' जन्मलेला. सुरुवातीला येणारे: 'किंतु' पहिला, 'एपो' घोडा, 'कातु' लढाई, 'सेगो' बळ किंवा विजय, 'नेर्तो' ताकद, 'सेनो' जुना, 'देवो' देव, 'बोदुओ' कावळा (हा युद्धाशी जोडलेला पक्षी), 'वेर' वर किंवा अतिशय. यावरून किंतुग्नातुस म्हणजे पहिलं अपत्य, नेर्तोमारुस म्हणजे ताकदीनं थोर, आणि रोमविरुद्ध इसवीसनपूर्व ५२ मध्ये गॉल पेटवणारा वेर्किंगेतोरिक्स म्हणजे योद्ध्यांचा महाराजा. इंग्लंडच्या केंब्रिजशरमध्ये सापडलेल्या एका कांशाच्या पळ्यावर 'बोदुओगेनुस एफ' असा शिक्का आहे: कावळ्यापासून जन्मलेल्यानं बनवला.

'किंतु' चा अर्थ 'पहिला' हे कशावरून? फ्रान्समधल्या मियोजवळ ला ग्रोफसेंक इथं पहिल्या शतकात लाल चकचकीत भांड्यांचा प्रचंड कारखाना होता. भट्टीत कोणाची किती भांडी लागली याचे हिशेब कुंभारांनी फुटक्या थाळ्यांवर खरडून ठेवले. त्यांत भट्ट्यांचे क्रमांक गॉलिशमध्ये आहेत: किंतुक्स, आलोस, त्रितोस, पेतुआरिओस, पिंपेतोस, पुढे ओख्तुमेतोस, नामेतोस, देकामेतोस. अष्टम, नवम, दशम म्हणून पाहा. व्याकरणकारानं नव्हे, हिशेब ठेवणाऱ्या कुंभारानं दिलेला पुरावा असल्यामुळे तो जास्त भरवशाचा.

आता इंग्लंडमधल्या कोलचेस्टरला सापडलेली कांशाची पाटी: 'देओ सिल्वानो काल्लिरिओ, डी, किंतुस्मुस एरारिउस, व्ही एस एल एम'. काल्लिरिउस सिल्वानुस या वनदेवाला किंतुस्मुस तांबटानं नवस फेडून दिलेली भेट. 'किंतु' ला 'सर्वांत' अशा अर्थाचा प्रत्यय लागून 'किंतुस्मुस' झालंय, अगदी पहिलावहिला. पाटी कांशाची आणि देणारा तांबट, म्हणजे बहुधा स्वतःच्या हातानं घडवलेली. इथे बापाचं नाव नाही, तीन पदरी नाव नाही. फक्त नाव आणि धंदा.

अर्थ लावताना एक पथ्य. घटकांचे अर्थ कळले म्हणून आईबापांनी अर्थ मनात धरूनच नाव ठेवलं असं होत नाही. घराण्यात चालत आलेले तुकडे अदलाबदल करूनही नावं बनत.

पायरी ६: ध्वनी तपासा

तुकडा केल्टिक वाटतो एवढ्यावर थांबू नका. तीन कसोट्या लावा.

पहिली, मूळचा 'प' केल्टिकमध्ये गळतो. संस्कृतात पितृ, लॅटिनमध्ये पातेर, पण जुन्या आयरिशमध्ये अथिर. संस्कृतातलं 'उपरि' गॉलिशमध्ये 'वेर' होतं. सीझरला दगा देणारा, एदुई या गॉलमधल्या जमातीचा सरदार लितावीकुस. त्याच्या नावाच्या मुळाशी 'लितावी' म्हणजे धरती, आणि तिची संस्कृत बहीण पृथिवी. सुरुवातीचा 'प' गेला, 'ऋ' च्या जागी 'लि' आला.

दुसरी, जुना दीर्घ 'ए' केल्टिकमध्ये दीर्घ 'ई' होतो. लॅटिन राजा 'रेक्स', केल्टिक राजा 'रीक्स'. स्वर एकच, पण नावाच्या शेवटी तो दिसला की बाजू ठरते.

तिसरी कसोटी नवख्यांना चकवते. 'प' गळतो म्हणालो, मग 'एपो' मध्ये 'प' कुठून आला? तो नवा 'प' आहे. संस्कृत अश्व, लॅटिन एक्वुस. या 'क्व' चा गॉलिश आणि ब्रिटॉनिकमध्ये 'प' झाला. म्हणून नावात 'प' दिसला की विचारायचं: हा जुना की 'क्व' वरून आलेला? जुना टिकलेला 'प' असेल तर ते नाव केल्टिक नसण्याची शक्यता मोठी. पश्चिम स्पेन-पोर्तुगालमधल्या लुसिटानियन भाषेत डुकराला 'पोर्कोम' म्हणतात, 'प' शाबूत. ती केल्टिक नव्हे असं बहुतेक अभ्यासक मानतात त्यामागचं एक मुख्य कारण हेच.

स्पेलिंगची गंमतही ध्यानात ठेवा. गॉलिशमध्ये 'त्स' सारखा एक ध्वनी होता, त्याला लॅटिनमध्ये अक्षर नव्हतं. लिहिणाऱ्यांनी कधी आडवी रेघ मारलेला 'डी' वापरला, कधी 'डीडी', कधी 'एसएस'. त्यामुळे मेद्दिल्लुस आणि मेस्सिल्लुस ही दोन नावं वाटली तरी एकाच नावाची दोन रूपं आहेत.

इथे संस्कृतचा उल्लेख वारंवार झाला म्हणून स्पष्ट सांगतो. देवो आणि देव, ग्नातुस आणि जात, सेनो आणि सनातन मधला सन, ही सगळी सख्खी चुलत नाती आहेत. सगळ्यांचं मूळ एका जुन्या इंडो-युरोपीय भाषेत. गॉलिश संस्कृतमधून निघाली असा त्याचा अर्थ होत नाही, आणि द्रुइड, म्हणजे केल्टांचे पुरोहित, इथून गेलेले ऋषी होते असंही नाही. असले फॉरवर्ड वाचून या विषयाकडे आला असाल तर स्वागतच आहे, पण ते सामान दाराबाहेर ठेवून या.

पायरी ७: नकली नाणी ओळखा

इसवी सन २१ मध्ये गॉलमधल्या एका बंडाच्या वेळी ट्रेव्हेरी जमातीचा युलिउस इंदुस रोमच्या बाजूनं लढला. त्याच्या नावानं घोडदळाची एक तुकडी होती, आला इंदिआना. तिच्यातल्या दान्निकुस नावाच्या शिपायाचं थडगं इंग्लंडमध्ये सायरेन्सेस्टरला आहे. सोळा वर्षं नोकरी, रौरिकी जमातीचा, म्हणजे आजच्या बाझेलकडचा. इंदुसची मुलगी युलिया पाकाता हिनं लंडनमध्ये नवऱ्याचं भव्य थडगं बांधलं. तो नवरा क्लासिकिआनुस, ब्रिटनमधली राणी बूदिका हिच्या रोमविरुद्धच्या उठावानंतर ब्रिटनला आलेला अर्थाधिकारी. आपल्या वाचकाचे कान 'इंदुस' ऐकताच टवकारतात, आणि लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ 'भारतीय' असाही होतो हे खरं. पण हा माणूस मोझेल नदीकाठचा, आणि नाव स्थानिक. भारताशी संबंध नाही.

याहून अवघड वर्ग आहे दुतोंडी नावांचा. सेनिलिस, सेनेकिओ, कारुस, उर्सुस, प्रिमुस ही नावं शुद्ध लॅटिन आहेत. पण केल्टिक प्रदेशांत ती इतर भागांपेक्षा जास्त आवडती दिसतात. का? 'सेनो' दोन्ही भाषांत म्हातारा. 'कारो' गॉलिशमध्येही प्रिय. उर्सुस म्हणजे अस्वल, गॉलिश 'आर्तोस' चं भाषांतर. प्रिमुस हे 'किंतु' चं. घरात एक भाषा, कचेरीत दुसरी. दोन्हीकडे चालेल असं नाव ठेवलेलं बरं. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी घरांत नीला, माया, रोहन ही नावं का लोकप्रिय आहेत ते आठवा.

पण हे मोठ्या आकड्यांच्या पातळीवर खरं असतं, एका माणसाबद्दल सिद्ध करता येत नाही. इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सला एका बाईचं सुंदर थडगं आहे: रेगीना, वय ३०, ब्रिटनमधल्या कातुवेल्लौनी जमातीची. आधी सीरियातल्या पाल्मिराहून आलेल्या बारातेस नावाच्या माणसाची गुलाम, मग मुक्त होऊन त्याचीच बायको. लॅटिनखाली त्यानं स्वतःच्या पाल्मिरी लिपीतही एक ओळ कोरून घेतलीय, आणि ती ओळ उसासा टाकून संपते. रेगीना म्हणजे राणी. गॉलिशमध्ये राणीला 'रीगानी'. तिचं जन्माचं नाव त्या मुळाचं होतं का? मोह होतो. पण गुलामांची नावं मालक ठरवत, आणि 'राणी' हे लाडाचं लॅटिन नाव म्हणूनही पुरेसं आहे. ती जन्मानं केल्टिक भाषक असणार यात फारशी शंका नाही. नाव मात्र 'लॅटिन' याच रकान्यात जाईल.

पायरी ८: शेजाऱ्यांचा विचार करा

गॉल म्हणजे सगळे केल्ट, असं नाही. नैऋत्य फ्रान्समध्ये गारोन नदी आणि पिरेनीज यांच्या मध्ये आंदेरे, नेस्कातो, किसोन अशी नावं येतात. ती आजच्या बास्कशी जुळतात: बाई, मुलगी, पुरुष. तिथं केल्टिक घटक शोधत बसणं म्हणजे चुकीच्या गल्लीत घर शोधणं.

ऱ्हाइनच्या बाजूला जर्मानिक नावं मिसळतात आणि माणूस व नाव यांची फारकतही होते. मार्कोमानी या जर्मानिक जमातीचा राजा मारोबोदुउस. त्याच्या नावात 'मारो' आणि 'बोदुओ' हे दोन्ही केल्टिक तुकडे उघड दिसतात. नावाची भाषा ही माणसाची जात नव्हे. कार्ल्याच्या चैत्यगृहात हाच प्रश्न आहे: धेनुकाकटचा यवन (म्हणजे ग्रीक) सिहधय यानं एक खांब दान दिला असं खांबावर कोरलंय. स्वतःला यवन म्हणवतो आणि नाव सिंहध्वज. नाव वाचून त्याला यवन म्हणालं असतं का कोणी?

म्हणून नाव सापडलं की ते आणखी कुठे कुठे येतं हे प्रांतवार बघा. आद्नामातुस हे नाव आजच्या ऑस्ट्रियाच्या भागात, म्हणजे नोरिकुममध्ये, ठिकठिकाणी भेटतं. अशी दाटी दिसली की नाव स्थानिक आहे असं धीरानं म्हणता येतं. साम्राज्यभर एकेकटं विखुरलेलं असेल तर जरा थांबा.

एक दगड जो गुरूचं काम करतो

इटलीतल्या तोदी गावी सापडलेला आणि आता व्हॅटिकनमध्ये असलेला इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासचा दगड दोन भाषांत आहे. लॅटिन भागात 'कोइसिस द्रुती एफ', द्रुतुसचा मुलगा कोइसिस, सगळ्यांत धाकटा भाऊ, यानं हे उभारलं. केल्टिक भागात तोच माणूस 'कोइसिस त्रुतिक्नोस'. मेलेला भाऊ 'आतेक्नाती त्रुतिक्नी' असा षष्ठीत, म्हणजे आतेग्नातुस. लॅटिननं ज्यासाठी 'षष्ठी अधिक एफ' लिहिलं, तिथं केल्टिकनं 'क्नोस' हा प्रत्यय लावला: अमक्याचा पोर. आणि 'द' च्या जागी 'त', 'ग' च्या जागी 'क' आलाय तो उच्चार बदलला म्हणून नव्हे. त्या उत्तर इटालियन लिपीत 'त' आणि 'द' यांना वेगळी अक्षरंच नव्हती. लॅटिन लेखात कुठे 'क्नुस' नं संपणारं नाव भेटलं तर ते मुळात बापावरून पडलेलं असू शकतं, हे या दगडामुळे कळतं.

पायरी ९: कोश उघडा, पण उशिरा

कोश आधी उघडला की जे शोधायचं तेच दिसायला लागतं. आल्फ्रेड होल्डरनं १८९६ पासून छापलेला जुना केल्टिक शब्दसंग्रह अवाढव्य आहे, पण त्यात संशयितांनाही जागा मिळाली आहे. नाव तिथं आहे म्हणून केल्टिक ठरत नाही. एलिस इव्हान्सचं १९६७ चं गॉलिश व्यक्तिनामांवरचं काम सावध आहे, जपून बोलतं. मला तेच जास्त आवडतं. झाव्हिए देलामार यांचा फ्रेंचमधला गॉलिश कोश सगळ्यांत हाताशी येणारा, मात्र अर्थ सुचवताना सढळ. इव्हान्स आणि देलामार या दोघांचं मत जुळलं तर निवांत राहा.

पायरी १०: नोंद लिहा

रकाने साधे ठेवा: संग्रह व क्रमांक, ठिकाण, दगडावरची अक्षरं, नाव प्रथमेत, नात्याचे लोक, फोड, आणि शेवटी तुमचा निवाडा: नक्की, बहुधा, किंवा शंका. 'शंका' रकाना भरत गेला तर वाईट वाटून घेऊ नका.

सरावाला कोलचेस्टरचीच दुसरी कांशाची पाटी घ्या. १८९१ मध्ये सापडली, आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मार्स मेदोकिउस या देवाला आणि सम्राट अलेक्झांडर सेवेरुसच्या विजयाला ती अर्पण केली आहे, त्यामुळे काळ इसवी सन २२२ ते २३५ मधला. देणारा सांगतो: 'लोस्सिओ वेदा दे सुओ पोसुइत, नेपोस वेपोगेनी, कालेदो'. स्वखर्चानं बसवली. कालेदो म्हणजे उत्तर स्कॉटलंडकडचा कॅलेडोनियन, साम्राज्याच्या सीमेपलीकडचा माणूस. माझी नोंद अशी होईल:

ब्रिटन संग्रह, क्र. १९१. लोस्सिओ वेदा: एक माणूस, दोन शब्दांचं नाव, रोमन तीन पदरी पद्धत नाही. केल्टिक, बहुधा. बापाचं नाव नाही. त्याऐवजी 'नेपोस', म्हणून वेपोगेनुस हा आजोबा, नाहीतर मामा किंवा काका. दोन्ही शक्यता उघड्या. वेपोगेनुस: 'वेपो' अधिक 'गेनुस'. दुसरा घटक नक्की. पहिल्यातला 'प' हा 'क्व' वरून आलेला, संस्कृत 'वाच्' शी नातं बहुधा. स्कॉटलंडमधल्या पिक्ट लोकांच्या राजांच्या यादीतल्या विपोइग या नावाशी ताडून पाहायचं.